काठाची साक्ष

१९७५ च्या सुमाराची गोष्ट. सोलापूरच्या नवी पेठेत आमच्या घरासमोरच्या माडीवर एक वृद्ध गुरुजी राहत असत. शाळेतून निवृत्त झाल्यावर जुनी नाणी जमवण्याचा छंद त्यांनी लावून घेतला होता. संध्याकाळी आम्ही मुले त्यांच्याभोवती जमत असू.

एकदा त्यांनी मधोमध भोक असलेला पैसा दाखवून विचारले, "हे नाणे खराब की चांगले?"

"खराब!" आम्ही एकमुखाने ओरडलो.

गुरुजी हसले. महायुद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा १९४३ पासून सरकारनेच तसे पैसे पाडले होते. मग त्यांनी शिवराई दाखवली. तिच्यावरील 'छत्रपति' ही अक्षरे अर्धी काठाबाहेर गेली होती. पण हातोड्याने ठोकून पाडलेल्या नाण्यात तसे व्हायचेच!

पुढे माझ्या एका मित्राला पंचवीस पैशांचे विचित्र नाणे मिळाले. त्याच्या एका कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नव्हता. ते पाहताच गुरुजींचा चेहरा उजळला. "ही टांकसाळीची चूक! धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकाचा भाग नव्या चकतीत येतो आणि ती अशी अपुरी निघते." त्यांनी मित्राची पाठ थोपटली व दोन रुपये देऊन ते नाणे ठेवून घेतले.

दोन रुपयांचे मला फारसे वाटले नाही. ती थोपटलेली पाठ मात्र मनात सलत राहिली.

माझे काका मागांची दुरुस्ती करीत. त्यांच्या पेटीत एक गोल कानस होती. भर दुपारी माळ्यावर बसून मी पंचवीस पैशांचे एक नाणे कोरले. बोटे सोलली, पण कोर हुबेहूब साधली. कापल्या जागेची चकाकी जावी म्हणून तेथे काजळी आणि तेल चोळले.

"बाजारात सापडले," मी गुरुजींना सांगितले.

ते कोरीकडे भिंग नेतील, असे मला वाटले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलेच नाही! नाणे फिरवून ते तिच्या अगदी समोरचा काठ पाहू लागले. मग त्यांनी मित्राचे नाणे शेजारी ठेवले आणि भिंग माझ्या हाती दिले. मित्राच्या नाण्याचा तो काठ पुसट होता. माझ्या नाण्याचा ठळक उठलेला.

"चकतीची कड यंत्रात दोन्ही बाजूंनी दाबून उचलतात," गुरुजी शांतपणे म्हणाले. "एकीकडे धातूच नसला, तर समोर दाब बसत नाही. मग तेथला काठ बहुधा असा पुसट राहतो. तुझ्या नाण्याचा काठ उठला, तेव्हा समोरचा तुकडा जागेवर होता."

तो कोणी कापला, हे त्यांनी विचारले नाही. खाली रस्त्यावरून टांगा गेला. त्याची घंटा ऐकू येईनाशी होईपर्यंत मी गप्प होतो.

"मीच कोरले, गुरुजी."

"हात बघू." त्यांनी आतून हळद आणून माझ्या बोटांना लावली. मग दोन्ही नाणी एकाच पुडीत बांधली. "राहू दे. फरक दाखवायला दोन्ही लागतात."

मी शिक्षणासाठी सोलापूर सोडले, तेव्हा ती पुडी त्यांनी मला दिली. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले. पुडी अजून माझ्याजवळ आहे. तिच्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरांत लिहिले आहे : 'एक टांकसाळीतले, एक नवी पेठेतले.'