पुस्तक नसलेली मोटारसायकल : गिरगाव ते दादर

सी. पी. टँक, माधवबाग, गुलालवाडी या भागातील जुन्या इमारतींत जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेला स्वतःचे असे एक वैभव असते. पेढीचे मोडके तराजू, पितळी मापे, कुलूप हरवलेली लोखंडी पेटी आणि कधी कधी ताडपत्रीखाली झाकलेली एक मोटारसायकल. अशी गाडी घरातल्या नातवाच्या नजरेस पडली की तो ती हौसेने कारागिराकडे नेतो. टाकीला पुन्हा क्रोमची झळाळी येते, इंजिन पुन्हा फटफटू लागते आणि मग पहिला खरा प्रश्न उभा राहतो : हिचा नंबर काय? पाटी गंजून गेलेली, नोंदणी पुस्तक घर बदलताना गहाळ झालेले, आणि ज्यांच्या नावावर गाडी होती ते आजोबा दिवंगत. नोंदणीवाचून कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास कायद्याची मनाई आहे. त्यामुळे सजवलेली गाडी दारातच उभी राहते. हा हरवलेला क्रमांक ज्या ठिकाणी सापडू शकतो, ती ठिकाणे बहुतांशी गिरगाव ते दादर या पट्ट्यातच आहेत.

मुंबईत अशी गाडी पुष्कळदा जावा असते, आणि त्याला कारण आहे. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ ही कंपनी स्थापन केली आणि १९६१ पासून तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्या ‘येझदी’ या नावाने आल्या. इराणातील यझ्द नगराचे स्मरण त्या नावात आहे. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा खटका एकच, ही या गाडीची खूण जुन्या गिरगावकरांना अजून आठवते. त्याआधीच्या काळातील असेल तर ती बीएसए, नॉर्टन किंवा ट्रायम्फ अशी विलायती गाडी असते.

गाडीची पाटी नाहीशी झाली तरी दोन क्रमांक तिच्या अंगावर कोरलेले असतात. एक इंजिनावर आणि दुसरा फ्रेमवर, म्हणजे चॅसिसवर. हा दुसरा सामान्यतः हँडलखालच्या मानेजवळ असतो. मंदिराचा जीर्णोद्धार करताना प्रतिमेच्या पीठावरील लेख कोणी घासून काढत नाही. प्रतिष्ठा कोणी केली आणि कोणत्या संवतात केली, हे त्या लेखावरूनच कळते. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र हीच चूक सर्रास होते. रंग खरवडण्याच्या उत्साहात फ्रेमच्या मानेवर ग्राइंडर फिरतो आणि कोरीव अंक पुसट होतात. नोंदणीच्या अर्जावर याच अंकांचा पेन्सिलने उमटवलेला छाप चिकटवावा लागतो. छाप उमटला नाही तर पुढचा सारा प्रपंच व्यर्थ. विलायती गाडी असेल तर या अंकांचा आणखी एक उपयोग होतो. ब्रिटनमधील व्हिंटेज मोटरसायकल क्लबने बीएसए, ट्रायम्फ आदी कारखान्यांच्या रवानगीच्या वह्या जपल्या आहेत. कोणत्या क्रमांकाची गाडी कोणत्या दिवशी कारखान्यातून निघाली, हे तेथून कळू शकते. अशा दाखल्याने मालकी सिद्ध होत नाही, पण गाडीचे जन्मवर्ष निश्चित होते, आणि पुढे तेही उपयोगी पडते.

तथापि पहिला शोध सातासमुद्रापार करण्याचे कारण नाही. तो घरच्या माळ्यावर करावा. व्यापारी कुटुंबाचे हे एक मोठे भाग्य आहे की त्याच्याकडे चोपडे असतात. दिवाळीला ज्या वह्यांचे पूजन झाले, त्या फेकण्यास हात धजत नाही, आणि म्हणून त्या टिकतात. मोटारसायकल पेढीच्या कामासाठी घेतली असेल तर रोजमेळात तिची किंमत असते, खतावणीत वाहनाचे खाते असते, आणि त्या खात्यात दरवर्षी भरलेला कर व विम्याचा हप्ता नोंदलेला असतो. मुनीम काटेकोर असेल तर त्याने हप्त्यापुढे गाडीचा क्रमांकही लिहिलेला असतो. मुंबई शहरात त्या काळी ‘बीएम’ने आरंभ होणारे क्रमांक असत, चोपड्यात ती अक्षरे गुजराती लिपीत सापडली तर चकित होऊ नये. गुजराती पाच देवनागरी ‘प’सारखा दिसतो, आणि तेवढ्यावरून नातवाने चुकीचा क्रमांक उतरवून घेतला तर वर्षभर भलत्याच गाडीचा पाठलाग होतो. मितीचेही तसेच. गुजराती पद्धतीचा विक्रम संवत दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. म्हणून दिवाळी ते डिसेंबरअखेरच्या नोंदीसाठी संवतातून ५७ वजा करावे लागतात आणि जानेवारी ते दिवाळीसाठी ५६. संवत २०१८ च्या कार्तिकातील खरेदी ही नोव्हेंबर १९६१ ची, तर त्याच संवताच्या वैशाखातील खरेदी १९६२ ची.

विम्याची पावती तर सोन्यासारखी जपावी. तिसऱ्या पक्षाचा विमा १९४६ पासून सक्तीचा आहे. त्यामुळे रस्त्यावर फिरलेल्या प्रत्येक गाडीची पॉलिसी कधीतरी निघालेली असणारच, आणि पॉलिसीवर क्रमांक, इंजिन व चॅसिस यांचा एकत्र उल्लेख असतो. विमा कंपनीच्या दप्तरात ती शोधण्यात फारसा अर्थ नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात शंभरावर खासगी कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. कोणती फाइल कोठे गेली याचा माग लागणे कठीण. घरच्या फडताळातील पिवळी पावती त्याहून अधिक भरवशाची.

घरात काहीच सापडले नाही की पावले ऑपेरा हाउसकडे वळतात. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या त्या नाट्यगृहाच्या आसपास मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. त्याच परिसरात, पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्स या इमारतींत, हिऱ्यांचा बाजार भरत असे. २०१० नंतर त्याचा मोठा भाग वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेला. शेजार मोठा बोधक होता. हिऱ्याचे पुडके जांगड चिठ्ठीवाचून एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. माल कोणाचा, कोणाकडे आणि कोणत्या अटीवर, हे चिठ्ठी सांगते. जुन्या मोटारसायकलींच्या व्यवहारात मात्र उलटेच घडताना दिसते. येथे चिठ्ठी स्वतंत्रपणे विकली जाते. भंगारात गेलेल्या एखाद्या गाडीचे नोंदणी पुस्तक शिल्लक असते. दुसरीकडे पुस्तक नसलेली, पण सुंदर सजवलेली गाडी असते. कोणीतरी दोहोंची सोयरीक जुळवतो, फ्रेमवरील मूळ अंक घासून त्या पुस्तकातील अंक ठोकतो, आणि ‘कागद क्लिअर आहेत’ असे सांगून गाडी विकतो. मुदतीत मिळणारे हे कागद मोहात पाडतात. चार महिने हेलपाटे घालून थकलेल्या माणसाला ती सोयच वाटते.

येथून हिराबाग फार दूर नाही. भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचे कार्यालय असलेली ही वास्तू समाजातील बहुतेकांना परिचित आहे. त्या वास्तूजवळून जाताना तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांत चोरून आणलेली वस्तू घेणे आहे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन आहे आणि खऱ्याच्या जागी बनावट वस्तू खपवणे हेही आहे. दुसऱ्याच्या पुस्तकावर उभी केलेली मोटारसायकल एकाच वेळी या तिन्हींत मोडू शकते, कारण तिचे मूळ अंक का घासावे लागले, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. कदाचित ती गाडी कोणाच्या तरी दारातून चोरीला गेलेली असेल. श्रावकाने तराजू खोटा धरू नये हे घरोघर शिकवले जाते; चॅसिसचा अंकही खोटा असू नये, हे त्याच शिकवणीत येते. चोरीच्या वाहनांची देशव्यापी नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या व्यवस्थेत असते, आणि खरेदीपूर्वी इंजिन व चॅसिस क्रमांक तेथे तपासता येतात. पैसे देण्याआधी एवढे तरी करावेच.

ऑपेरा हाउसहून ग्रँट रोड ओलांडले की ताडदेव. तेथील तुळशीवाडीत प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. ‘एमएच ०१’ हा आज सर्वांच्या ओळखीचा आरंभ याच कार्यालयाचा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आल्यानंतर ही पद्धत रूढ झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांची नोंद हाताने लिहिलेल्या वह्यांत. आज नोंदणीची सारी कामे ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीवर चालतात, आणि जी जुनी नोंद वहीतून संगणकात चढलेलीच नाही, ती गाडी प्रणालीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. अशा वेळी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी वहीतील मूळ नोंद सापडावी लागते. वही क्रमांकाच्या क्रमाने असते. नुसत्या चॅसिसवरून ती चाळणे म्हणजे अनुक्रमणिका नसलेल्या ग्रंथात एक शब्द शोधणे. घरच्या चोपड्यातील एका ओळीचे मोल येथे कळते.

खिडकीवर तोंडी विचारणा करून उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ते बंधन येथे पथ्यावरच पडते. अमुक क्रमांकाची मूळ नोंद उपलब्ध आहे काय, आणि नष्ट केली असल्यास तसा आदेश कधीचा, एवढेच विचारावे. ‘नोंद नष्ट’ हे लेखी उत्तरदेखील निरुपयोगी नसते. अर्जदाराने शोधात कसूर केली नाही, याचा तो पुरावा होतो. नोंद सापडली आणि केवळ पुस्तक हरवले असेल, तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागता येते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणास ५,००० रुपये; क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवण्याची मुभा आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, फ्रेम किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, आणि तिचा वापर रॅली, प्रदर्शन, इंधन व देखभाल एवढ्यापुरताच. अनेकांना वाटते की या नियमांनी कागदांची कटकट संपली. तसे नाही. आयात गाडी असेल तर अर्जासोबत आयातीचे बिल ऑफ एंट्री लागते, आणि देशात पूर्वी नोंदलेली असेल तर जुने नोंदणी पुस्तक. म्हणजे ज्या दारातून पळ काढावा, त्याच दाराशी माणूस परत येतो.

ताडदेवहून सात रस्त्यामार्गे पुढे गेले की लालबाग-परळ. भुलेश्वरच्या कुटुंबांना लालबाग म्हटले की पांजरापोळीजवळचे मोतीशा लालबाग आठवेल. हा लालबाग गिरणगावातला, मसाल्याच्या आणि चिवड्याच्या गल्ल्यांचा. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थंडावले आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, पण लेथवरची आणि फिटरची हातोटी हा या वस्तीचा जुना वारसा. अशा हाताचा कारागीर भेटला तर गाडीचा क्रमांक त्याच्याकडूनही निघू शकतो. पूर्वी क्रमांक बहुधा ब्रशने रंगवला जाई, मागच्या पाटीवर आणि पुढच्या मडगार्डवरही. वर्षानुवर्षे एकावर एक रंग चढतात. तळचे अंक मात्र पुष्कळदा तसेच असतात. ओल्या पॉलिश पेपरने, घाई न करता, एकेक थर उतरवला तर ते फिकट सावलीसारखे वर येतात. त्याच क्षणी छायाचित्र घ्यावे, कारण पुढचा हात फिरला की ते गेले. पत्र्याचे हे काम इंजिनाच्या आधी करून घ्यावे, असे कारागिराला पहिल्याच दिवशी बजावले पाहिजे. नवे मडगार्ड बसवून जुने भंगारात घालणारा कारागीर स्वस्त पडतो, पण त्याच्याबरोबर पुरावाही भंगारात जातो.

दादरला शोधाचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत नाजूक टप्पा येतो. गिरगावच्या चाळीत मावेनाशी झालेली कितीतरी कुटुंबे दादर-माटुंग्याकडे सरकली, आणि त्यांच्याबरोबर फोटोंचे आल्बमही. आजोबांच्या धाकट्या भावाच्या घरी, आत्याच्या कपाटात, एखादे कृष्णधवल छायाचित्र निघते : नवी कोरी गाडी, तिच्यावर पाय टेकून उभा तरुण, आणि पुढच्या मडगार्डवर आडवी लावलेली वक्राकार पाटी. भिंगाखाली तिच्यावरील अंक वाचता येतात. परंतु याच घरांत गाडीचे इतर वारसही राहतात. क्रमांक सापडला, मूळ नोंद मिळाली, आणि तिच्यात नाव निघाले दिवंगत आजोबांचे, तर हस्तांतरासाठी नमुना ३१ वर वारसाचा अर्ज करावा लागतो आणि इतर वारसांची ना-हरकत जोडावी लागते. ज्या मोटारसायकलकडे पन्नास वर्षे कोणी पाहिले नाही, ती चकचकीत होऊन दारात उभी राहिली की तिच्यावर चार हक्क निघतात. पेढी वाटली गेली त्या वेळचे अबोलेही कधी कधी त्याबरोबर वर येतात.

म्हणून जाणती माणसे दादरला आधी जातात आणि ताडदेवला नंतर. गाडी लालबागला उघडण्यापूर्वीच चुलतभावांना बोलावून, काय सापडले आणि काय करायचे आहे ते सांगून, खर्च कोणी सोसायचा आणि गाडी कोणाच्या नावावर राहायची हे साध्या कागदावर लिहून घेतात. काही घरांत हे काम संवत्सरीनंतर काढतात. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्यासाठी सगळे एकत्र आलेलेच असतात, आणि सह्यांसाठी वेगळे हेलपाटे पडत नाहीत.