घट वाचून झाला, आता ठरवायचं कोणी?



अक्षय तृतीया झाली, भेंडवळचा घट वाचून झाला, आणि आमच्या घाटावरच्या गावात पारावर, दूध डेअरीपुढे, कृषी केंद्राच्या बाकावर एकच प्रश्न आहे, "घट काय म्हणते?" यंदाचं भाकीत मी इथे पुन्हा देत नाही, ते सगळ्यांच्या मोबाईलवर कधीच येऊन पडलंय. मला बोलायचंय ते भाकीत ऐकल्यावर आपण काय करतो यावर. कारण यंदा माझ्यासमोर एक अवघड निर्णय आहे.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या काकांचं चार एकर वावर त्यांना मक्त्याने द्यायचंय. एकरी पंधरा हजार, म्हणजे साठ हजार रुपये, रोख, पेरणीच्या आधी. पोराची कॉलेजची फी भरायची म्हणून त्यांना पैसा आत्ता लागतो. माझी स्वतःची पाच एकर आहे. बैलजोडी नाही, पण ट्रॅक्टर घरचा आहे. घ्यावं की नाही? माय म्हणते, "घटानं पाऊस सांगतला ना, मंग भ्यायचं काय?" बायको म्हणते, "पाऊस सांगतला, पैसे कुठं सांगतले?"

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. भेंडवळ हे जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही घटमांडणी सुरू केली असं सांगतात, आणि वाघ घराण्याने ती आजवर चालवली. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात. कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, सरकी, तीळ, जवस अशी अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाचे चार महिने, जून ते सप्टेंबर. त्यावर पाण्याची घागर. घागरीवर पापड, पुरी, कुरडई, भजं, वडा असे पदार्थ. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, पान-सुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे परका शत्रू. रात्रभर तिथे कोणी थांबत नाही. पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, हे बघून भाकीत सांगतात. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता होती, म्हणून राजाबद्दलचं भाकीत जाहीर झालं नव्हतं. इतका या मांडणीचा बोलबाला.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. घट कधी एका दाण्यावरून वाचत नाहीत. ढेकूळ भिजलं पण धान्य घटाबाहेर गेलं, तर पाऊस आहे पण पिकाचं खरं नाही. धान्य जागेवर, पण भादली विखुरली, तर पीक आहे पण रोगराई आहे. सगळं जोडून वाचायचं असतं. माझी भाची पुण्यात शिकते, तिच्या मैत्रिणी नोकरी बदलायची की नाही हे टॅरोच्या पत्त्यांना विचारतात. अठ्ठ्याहत्तर पत्ते. मूळचा हा इटलीतला पंधराव्या शतकातला पत्त्यांचा खेळ, भविष्यासाठी त्याचा वापर सुरू झाला तो अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. तिथेही तेच. ‘मृत्यू’चा पत्ता निघाला म्हणून कोणी मरत नाही, शेजारी कोणता पत्ता पडला त्यावरून अर्थ बदलतो. म्हणजे भेंडवळचं शेत काय आणि पुण्यातलं टेबल काय, चिन्हं जोडून वाचायची ही रीत एकच.

पण आपण मात्र तोडून ऐकतो. बातमीत एक ओळ येते, ‘पाऊस चांगला’, आणि माणूस तेवढीच धरून बसतो. ज्याला वावर घ्यायचं असतं त्याला पाऊस ऐकू येतो, ज्याला नको असतं त्याला भादली ऐकू येते. अंनिसवाले गेली अनेक वर्षं या भाकितांवर आक्षेप घेतात, त्याला शास्त्राचा आधार नाही म्हणतात. दाणे रात्रीतून हलायला वारा, मुंग्या, उंदीर पुरेसे आहेत, हे मलाही पटतं. पण नुसतं "खोटं आहे" म्हटल्याने माझ्या मायचा प्रश्न सुटत नाही. तिला जूनच्या आधी कोणीतरी काहीतरी सांगायला हवं असतं. हवामान खातं सांगतंच की, पण तेही देशाची सरासरी सांगतं. ८७ सेंटीमीटरच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे सर्वसाधारण. माझ्या वावरात किती, ते ना घट सांगतो ना ती सरासरी.

आणि आपला जिल्हा तरी एक कुठे आहे? घाटाखाली कपाशी, खारपाणपट्टा, घाटावर सोयाबीन. २२ जुलै २०२३ ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, वावरं खरडून गेली, जनावरं वाहून गेली. ज्या तालुक्यात घट मांडतात त्याच तालुक्यात. ‘पाऊस चांगला’ या दोन शब्दांत तो दिवस कुठे बसवायचा?

म्हणून मी यंदा अक्षय तृतीयेच्या आधीच एक कागद केला. चार खाने पाडले. पाऊस चांगला किंवा कमी, भाव बरा किंवा पडलेला. मक्त्याचे पंधरा हजार आणि बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी मिळून अठरा हजार, असा एकरी तेहतीस हजार खर्च धरला. पाऊस चांगला तर आठ क्विंटल, कमी तर चार. भाव बरा म्हणजे ४९००, पडला तर ४१००. हे आकडे उगाच नाहीत. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजारात बरेच दिवस त्याच्या खालीच विकावं लागलं.

पाऊस चांगला, भाव बरा : एकरी ६२०० नफा.
पाऊस चांगला, भाव पडला : एकरी २०० तोटा.
पाऊस कमी, भाव बरा : एकरी १३,४०० तोटा.
पाऊस कमी, भाव पडला : एकरी १६,६०० तोटा.

चार एकराला गुणा. सगळं जुळून आलं तर हातात पंचवीस हजाराच्या आत. सगळं फसलं तर सहासष्ट हजार खड्ड्यात, तेही पीककर्जाच्या पैशात. आणि दुबार पेरणीचा खर्च यात धरलेलाच नाही. चारपैकी तीन खान्यांत उत्तर एकच येतं, मक्त्याने घेऊ नये. मग घटाने ‘पाऊस चांगला’ म्हटलं काय आणि ‘साधारण’ म्हटलं काय, माझा निर्णय हलत नाही. पाऊस आला तरी भावाचा खाना उरतोच.

हा कागद मायला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मंग घट कायले पाहायचा?" मी म्हटलं, पाहू ना. जत्रा आहे, वर्षाची सुरुवात आहे, चार गावचे लोक भेटतात, पिकाबद्दल बोलतात. फक्त साठ हजाराची जबाबदारी ढेकळावर टाकू नये.

काकांना मी नाही म्हटलं नाही. बटईने द्या म्हटलं, खर्च निम्मा, पीक निम्मं. त्यात सर्वात वाईट खान्यातही मला एकरी आठशेचाच तोटा आहे. पण त्यांना रोख हवंय आणि शहरातला एक जण रोख द्यायला तयार आहे. मी फीच्या वेळेला दहा हजार उचल देतो म्हटलं, पुढे त्यांच्या वाट्यातून कापायची. ते म्हणाले, "सोमवारी सांगतो." नाही म्हणाले तर वावर जाईल, आणि पाऊस-भाव दोन्ही जुळले तर मला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. ते मी ऐकून घेईन.

गावासाठी दोन गोष्टी सुचवतो. एक, भाकीत झालं की त्याच दिवशी ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लिहा, आणि ऑक्टोबरात शेजारी आपल्या मंडळाचा महिन्यावार पाऊस लिहा. पाच वर्षं असं करा. मग ना अंनिसशी भांडायची गरज, ना महाराजांशी. दोन, पेरणीआधी सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलावून प्रत्येकाने आपल्या वावराचे चार खाने भरा. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजा. सत्तरच्या खाली असेल तर बियाणं वाढवा किंवा बदला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका. पीकविम्याची तारीख बघून ठेवा.

पाहुणे विचारतील, घट काय म्हणते? सांगा त्यांना. पण मग त्यांना हेही विचारा, तुमच्या चार खान्यांत काय निघालं?