पडेल तिथून पुढे

डिस्क गोल्फ हा खेळ गोल्फच्या नियमांवर बेतलेला असला, तरी त्यात काठी, चेंडू आणि जमिनीतला खळगा यांपैकी काहीच नसते. त्यांच्या जागी प्लास्टिकची लहानशी चकती, खेळाडूचा हात आणि खांबावर बसवलेली, वरून साखळ्या सोडलेली लोखंडी टोपली असते. साखळ्यांवर आदळून चकती टोपलीत विसावली की एक टप्पा पूर्ण होतो, आणि सगळे टप्पे मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी भरतात तो जिंकतो. पहिल्या फेकीनंतरची प्रत्येक फेक मागची चकती जिथे थांबली तिथूनच करावी लागते: चकतीच्या पुढे खुणेची छोटी चकती ठेवायची आणि तिच्या मागे पाय रोवून उभे राहायचे. या एका अटीत खेळाचा बहुतेक सगळा स्वभाव सामावलेला आहे.

दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे हा खेळ लॉइड पार्कमध्ये खेळला जातो. वृत्तपत्रमालक फ्रँक लॉइड यांचे नाव लाभलेल्या या उद्यानापर्यंत ईस्ट क्रॉयडनहून ट्रामने जाता येते आणि थांब्याचे नावही लॉइड पार्क असेच आहे. गोल्फचे मैदान अनेकदा सभासदांसाठी राखीव असते, तर इथला खेळ सार्वजनिक बागेत चालतो. त्यामुळे खेळाडू आणि टोपली यांच्यामध्ये कुत्र्याला फिरवणारे आजोबा, धावणारे लोक किंवा घाईने घरी निघालेली मुले केव्हाही येऊ शकतात. अशा वेळी, फेकीसाठी मागे नेलेला हात खाली घेऊन, वाट मोकळी होईपर्यंत थांबणे हाच रिवाज आहे. हे थांबणे खेळातला व्यत्यय नसून खेळाचाच भाग आहे, हे नवख्याला फार उशिरा पटते.

खेळाला आजचे रूप दिले ते अमेरिकेतील एड हेडरिक यांनी. फ्रिसबीच्या पाठीवरील कड्यांमुळे तिचे उड्डाण स्थिर करणारी रचना त्यांचीच. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान त्यांनी आखले आणि साखळ्यांच्या टोपलीचाही शोध लावला. २००२ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख मिसळून काही चकत्या घडवण्यात आल्या. ही कल्पना विक्षिप्त वाटेल खरी, पण रक्षाविसर्जनाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ती फार परकी वाटू नये.

चकतीचे उड्डाण मात्र सविस्तर समजून घेण्यासारखे आहे. उजव्या हाताच्या खेळाडूने हात छातीसमोरून आडवा नेत सोडलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग भरपूर असताना ती सरळ किंवा किंचित उजवीकडे सरकते, पण वेग ओसरू लागताच तिचे नाक वर उचलू पाहणारा हवेचा जोर त्या गिरकीमुळे बाजूला वळतो आणि चकती डावीकडे कलंडत उतरते. या अखेरच्या वळणाला खेळाडू ‘फेड’ म्हणतात. वेगवान, धारदार काठाच्या ‘ड्रायव्हर’मध्ये ते सहसा ठळक असते, तर टोपलीजवळ वापरायच्या बोथट काठाच्या ‘पटर’मध्ये बेताचे. परिणाम असा, की टोपलीकडे नेम धरणाऱ्याची चकती टोपलीच्या डावीकडे पडते, आणि अनुभवी खेळाडू रिकाम्या हवेतल्या, उजवीकडच्या कुठल्या तरी बिंदूकडे नजर लावून उभा असतो. वळण हा दोष मानून ते मनगटाच्या जोराने दडपू पाहणाऱ्याची चकती बहुधा झाडावर जाते. ते गृहीत धरणाऱ्याला तेच वळण झाडाला वळसा घालून देते.

चकती हातातून सुटल्यावर खेळाडूचे काही चालत नाही, हे पाहून मराठी माणसाला निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ही तुलना अर्ध्यावरच अडते, कारण इथे फळाकडे पाठ फिरवण्याची सोय नाही. चिखलात, उतारावर किंवा बुंध्याला लागून, जिथे फळ पडले असेल तिथेच उभे राहून पुढचे कर्म करावे लागते. विटीदांडूत विटी किती लांब गेली हे दांडूने मोजले की तो टोला हिशेबात जमा होतो आणि खेळाडू पुन्हा गल्लीपाशी येतो. डिस्क गोल्फमध्ये फसलेली फेक तशी मिटत नाही. काठावर पडून चाकासारखी उताराने घरंगळत गेलेली चकती खेळाडूलाही आपल्यामागे उतरायला लावते.

याला एक अपवाद आहे तो हरवलेल्या चकतीचा. तीन मिनिटे शोधूनही ती सापडली नाही, तर एका फेकीचा दंड घेऊन मागच्या जागी परतावे लागते. त्या तीन मिनिटांत सांगितल्यावर गटातल्या सर्वांनी शोधायला हातभार लावावा, असा नियमच आहे, आणि त्यात ज्याचा फायदा चकती न सापडण्यातच आहे असा प्रतिस्पर्धीही आला. प्रत्येक गटामागे पंच फिरत नसल्याने फेकींची मोजणीही खेळाडूंच्याच जिभेवर सोपवलेली असते. मग ब्लॅकबेरीच्या काटेरी झुडपांत चौघे वाकून पालापाचोळा सारत राहतात. अशा शोधात हवी ती चकती पुष्कळदा मिळत नाही, पण कुणाची तरी कधीची हरवलेली, चिखलाने माखलेली दुसरीच हाती लागते. ती फडक्याने पुसून पालथी केली, की आतल्या बाजूला शाईने लिहिलेले नाव आणि फोन नंबर पुसटसे दिसू लागतात.