आंबेनळी घाट आणि गाडीची पोथी

गाडी पसंत करावयाची तर ती दुकानाच्या कांचेआड पाहूं नये, घाटांत पाहावी. त्या कामीं महाबळेश्वराहून पोलादपुरास जाणारा आंबेनळी घाट मोठा कठोर परीक्षक आहे. सुमारें 1,370 मीटर उंचीवरून निघालेली ही वाट प्रतापगडाच्या पायथ्याचें वाडा गांव मागें टाकते आणि सुमारें 40 किलोमीटरांत सावित्रीच्या खोऱ्यांत उतरते. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास दरी; श्रावणांत धुकें असें कीं पुढचें वळण जवळ गेल्यावरच दिसावें. 2018 च्या जुलैंत याच घाटांत एक बस दरींत कोसळून मोठी प्राणहानि झाली, हें वाचकांस स्मरत असेलच. घरांतलीं लहानथोर माणसें घेऊन येथून उतरणाऱ्यानें आपली गाडी आवरते कशी, हें आधीं जाणून घेतलें पाहिजे.

सध्यां घरोघरीं हायब्रिड एस्‌यूव्हीचा खल चालतो. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचें एंजिन व विजेची मोटर यांचा जोडसंसार. ‘माइल्ड’ प्रकारांत मोटर नुसता हातभार लावते. ‘स्ट्राँग’ प्रकारांत ती कांहीं अंतर एकटीही गाडी चालविते. 2022 सालीं आलेल्या टोयोटा हायरायडर व मारुति ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग प्रकारास लिटरमागें 27.97 किलोमीटर असा आंकडा जाहीर झाला. पण तो चाचणीचा, भरल्या गाडीनें घाट चढण्याचा नव्हे. शिवाय त्यांत आसनें पांचच. इनोव्हा हायक्रॉसमध्यें सात-आठ माणसें बसतात. एकत्र कुटुंबास हा हिशेब अधिक महत्त्वाचा.

या गाड्यांचें खरें कौतुक उतारावर. ब्रेकवर पाय पडला कीं मोटर जनित्र बनते, आणि एरवीं उष्णतारूपानें वायां जाणारी शक्ति बॅटरींत सांठते. परंतु ही बॅटरी लहान. लांब उतारावर ती भरली म्हणजे मोटरीचा तो आधार कमी होतो. मग सारा भार चाकांच्या ब्रेकांवर आला तर ते तापून त्यांची पकड ढिली पडते. म्हणून कित्येक हायब्रिड गाड्यांत गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असें स्थान असतें. दांडा तेथें आणला कीं एंजिनच गाडीस मागें ओढून धरतें.

हें सर्व गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण तें पुस्तक शेंकडों पानांचें! आपल्या गाडींत नसलेल्या सोयींचेही नियम त्यांतच, आणि पानोपानीं धोक्याचा त्रिकोण. पाणिनीनें उभें संस्कृत व्याकरण सुमारें 4,000 सूत्रांत बसविलें. सामान्य नियम कोणता, अपवाद कोणता, हेंही त्यांतच दाखविलें. येथें मात्र पेल्यांतला चहा आणि घाटाचा उतार यांना एकच मान. वाचणारा कंटाळतो आणि पुस्तक कप्प्यांत जाऊन पडतें.

यावर उपाय सोपा आहे. गाडी ठरविण्यापूर्वींच तें पुस्तक मागून घ्यावें. उतार, ब्रेक आणि इशाऱ्याचे दिवे एवढीं तीन प्रकरणें घरांतल्या एकानें मोठ्यानें वाचावीं, आणि गाडी चालविणाऱ्या सर्वांनीं चातुर्मासांतल्या पोथीसारखीं ऐकावीं. तासाभराचें हें काम आहे. तें झाल्यावरच वाड्याच्या पुढें गाडी घालावी.