समुद्रात शिरलेल्या वाळूच्या वाटेवर

अमेरिकेच्या नकाशात अगदी वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे शहर वॉशिंग्टन ते वेगळे, ते पूर्व किनाऱ्याकडे. हे राज्य पॅसिफिक महासागराच्या काठी, कॅनडाला लागून. तेथे हुआन दे फुका नावाच्या सामुद्रधुनीत जमिनीपासून निघून थेट पाण्यात शिरलेला वाळूचा एक दांडा आहे. त्याचे नाव डंजनेस. लांबी साडेपाच मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर. रुंदी मात्र इतकी कमी, की काही ठिकाणी एका बाजूच्या लाटेचा तुषार अंगावर घेत दुसऱ्या बाजूचे संथ पाणी दिसते. टोकाजवळ एक दीपगृह आहे. तेथवर चालत जाणे आणि चालत परत येणे, एवढाच त्या दिवसाचा आमचा कार्यक्रम होता.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता. आमच्यातला एक एस. टी.च्या डेपोत तीस वर्षे मेकॅनिक, दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघेही निवृत्त. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. लेक-जावई सिएटलला नोकरी करतात, म्हणून 2025 च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो होतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सारेजण सिएटलहून फेरीबोटीने आणि पुढे मोटारीने सेक्विम या गावी मुक्कामाला आलो. लिहिताना सेक्विम, पण तेथील माणसे उच्चार करतात ‘स्क्विम’. नातू तीन वर्षांचा. तो एवढे चालणार नाही, म्हणून लेक त्याच्याजवळ थांबली आणि सकाळी आम्हाला दोघांनाच सोडून गेली.

जाताना ती एवढेच म्हणाली, “दोघंच आहात, निवांत बोलून घ्या.” काय बोलायचे ते आम्हाला ठाऊक होते. लेकीचे म्हणणे, की आता दोघांनी कायमचे तिकडेच यावे. गावाकडे दीड एकर जमीन आहे, ती विकून टाकावी. कसायला कोणी नाही, विहिरीला पाणी नाही, मग ठेवायची कशाला? तिचे म्हणणे खोटे नव्हते. परतीच्या विमानाला दहा दिवस उरले होते आणि उत्तर द्यायचे बाकी होते.

वाट सुरू होते ती उंच सूचिपर्णी झाडांच्या रानातून. अर्धा मैल सावलीत चालल्यावर रान संपते आणि एका कड्यावर आपण उभे राहतो. येथे दुर्बिणी लावल्या आहेत. खाली तो दांडा दिसायला हवा होता, पण त्या सकाळी दाट धुके होते. उन्हाळ्याच्या अखेरीस तिकडे असे धुके नेहमीचे. उतार उतरून वाळूवर आलो, तेव्हा पुढची शंभर पावले सोडली तर काही दिसत नव्हते.

हे सारे पक्ष्यांचे आणि वन्यजीवांचे अभयारण्य आहे. 1915 साली अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात ते राखीव झाले. नियम कडक आहेत. कुत्रे नाही, सायकल नाही, पतंग नाही, शेकोटी नाही. दांड्याची खाडीकडची बाजू माणसांना बंद. चालायचे ते फक्त उघड्या समुद्राच्या अंगाने. आतल्या संथ पाण्यात एक प्रकारचे लांब पात्यांचे गवत वाढते. हिवाळ्यात आणि वसंतात ब्रांट नावाचे काळे हंसासारखे पक्षी त्या गवतासाठी येतात. त्या गवतात माशांची पिल्ले वाढतात. वाळूवर सील मासे विसावतात (मासे म्हणायचे, पण तो पिल्लांना दूध पाजणारा प्राणी आहे). जगभर खवय्यांना माहीत असलेला डंजनेस खेकडा याच जागेच्या नावाने ओळखला जातो. नाव मात्र येथले नव्हे. 1792 साली इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर येथे आला आणि त्याने इंग्लंडमधल्या डंजनेसची आठवण म्हणून ते दिले.

वाळूचा दांडा कसा तयार होतो, हे आमच्यातल्या शिक्षिकेने सातवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून कितीदा तरी शिकवले होते. प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो आता. वारा आणि लाटा पश्चिमेकडून येतात आणि किनाऱ्याला तिरप्या लागतात. लाट वाळूचा कण तिरपा वर नेते, परतताना तो सरळ खाली आणते. असा प्रत्येक लाटेला कण थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो. पण वाळू मुळात येते कोठून? दांड्याच्या पश्चिमेला समुद्राला लागून मातीचे उंच कडे आहेत. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांनी आणून टाकलेली ती माती, वाळू आणि गोटे. कडे ढासळतात, समुद्र तो माल वाहून आणतो आणि टोकाला नेऊन ठेवतो. कडे झिजतात म्हणून दांडा आहे. टोक अजूनही दरवर्षी काही फुटांनी पुढे जाते.

कड्याची झीज थांबवली तर काय होते, याचे उदाहरणही जवळच आहे. पश्चिमेला पोर्ट एंजेलिस या बंदरापाशी असाच एक दांडा आहे, एडिझ हुक. त्याला वाळू पुरवणारे कडे दगडांनी बांधून काढले गेले आणि एल्व्हा नदीवर दोन धरणे झाली, एक 1913 मध्ये, दुसरे 1927 मध्ये. नदीचा गाळ अडला, कड्याची माती अडली, आणि दांडा खंगू लागला. मग तो राखण्यासाठी त्यावर मोठमोठे दगड टाकावे लागले. 2011 ते 2014 या काळात ती दोन्ही धरणे पाडली, तेव्हा नदीचा गाळ पुन्हा समुद्राला मिळू लागला. आपल्याकडे मालवणजवळ देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये अशीच चिंचोळी पट्टी आहे. समुद्रकाठचे गणित सगळीकडे सारखे. एकीकडे अडवले, तर दुसरीकडे तुटते.

अकराच्या सुमारास धुके उठले. उत्तरेला पाण्यापलीकडे कॅनडाचा किनारा, पूर्वेला बेकर पर्वताचे बर्फाचे शिखर, मागे ऑलिंपिक पर्वताची रांग. आणि समोर, फार लांब, पांढऱ्या खडूच्या तुकड्याएवढे दीपगृह. ते दिसले तेव्हा वाटले, पोहोचलोच. पण तास चालून झाला तरी खडूचा तुकडा तेवढाच. वरच्या अंगाला किनाऱ्यावर फेकलेले प्रचंड ओंडके पडले आहेत, उन्हापावसाने हाडासारखे पांढरे झालेले. भरती आली की चालायची ओली, घट्ट वाळू पाण्याखाली जाते आणि या ओंडक्यांवरून नाहीतर सैल गोट्यांवरून वाट काढावी लागते. म्हणून ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघायचे असते. आम्ही तसेच निघालो होतो. तरी आमच्यातल्या शिक्षिकेचा उजवा गुडघा चौथ्या मैलाला बोलू लागला.

“अहो, परत फिरायचं का?” तिने विचारले.

“दमलीस का तू?”

“दमले नाही. परतीचं अंतर मोजतेय.”

एका ओंडक्यावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. (लेकीने तांदळाच्या पिठाच्या केल्या होत्या, बाजरी तिकडे सहज मिळत नाही.) मग उठलो आणि पुढेच निघालो.

दीपगृहात 14 डिसेंबर 1857 रोजी पहिल्यांदा दिवा लागला. तेव्हा मनोरा शंभर फुटांचा होता. भिंतींना तडे गेल्यामुळे 1927 साली तो उतरवून त्रेसष्ट फुटांचा केला. बांधला तेव्हा तो दांड्याच्या टोकाच्या बराच जवळ होता. आज टोक तेथून जवळजवळ अर्धा मैल पुढे गेले आहे. मनोरा जागचा हललेला नाही, वाळू पुढे गेली. 1994 पासून तेथे सरकारी राखणदार नाहीत. स्वयंसेवक कुटुंबे पैसे भरून आठवडाभर राहायला येतात. हिरवळ कापतात, पितळ घासतात आणि येणाऱ्याला मनोरा दाखवतात. तेथे प्यायला पाणी मिळते, स्वच्छतागृह आहे. वाटेत मात्र यांपैकी काहीही नाही. एका वयस्क बाईंनी आम्हाला वर नेले. चौऱ्याहत्तर पायऱ्या गुडघ्याला हात लावून चढलो.

वरून दांड्याला आतल्या बाजूने फुटलेला एक फाटा दिसतो. त्याचे नाव ग्रेव्हयार्ड स्पिट, म्हणजे कबरस्थानाचा दांडा. 1868 साली येथल्या स्क्लॅलम लोकांनी उत्तरेकडून आलेल्या सिमशियन लोकांच्या एका तळावर रात्री झोपेत हल्ला केला आणि त्यांना मारले. एक गरोदर स्त्री जखमी होऊन वाचली, ती या दीपगृहात आश्रयाला आली. मेलेल्यांना त्या फाट्यावर पुरले. ही गोष्ट चांगली नाही, पण इतिहास सांगायचा तर पुरताच सांगायला हवा.

त्याच स्क्लॅलम लोकांची पुढची गोष्ट आम्हाला अधिक जवळची वाटली. 1855 च्या तहाने या लोकांनी आपली जमीन सोडून दूरच्या राखीव प्रदेशात जावे असे ठरले होते. पुष्कळ जण गेले नाहीत. ज्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या राहिले तेथेच ते बिनहक्काचे झाले. तेव्हा 1874 साली काही कुटुंबांनी पैसा पैसा गोळा केला आणि 500 डॉलर सोन्याच्या नाण्यांत मोजून 210 एकर जमीन विकत घेतली. आपल्याच जमिनीचा तुकडा विकत घेतला! पुढाकार घेणाऱ्याच्या नावावरून त्या वस्तीला जेम्सटाउन नाव पडले. ती वस्ती या दांड्याच्या पूर्वेला, त्याच किनाऱ्यावर आहे. सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता द्यायला 1981 साल उजाडले. आणि 2024 मध्ये याच अभयारण्याच्या देखभालीची जबाबदारी करार करून त्यांच्याकडे आली.

वाचकहो, आमच्या पिढीला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह कशासाठी केले, हे आपण जाणतो. आमची दीड एकर जमीन तशी फुकटची नाही. मेकॅनिकच्या वडिलांनी मुंबईच्या गोदीत ओझी वाहून ती घेतली. गावात आमच्या घरातल्या कोणाच्या नावावर चढलेला तो पहिला सातबारा. 72 च्या दुष्काळात शिक्षिकेची आई खडी फोडायला जात होती, तेव्हा कोठे पोरगी शाळेत टिकली.

परतीच्या वाटेवर ओहोटीची वेळ संपत आली होती, म्हणून थांबणे नव्हते. वारा पाठीमागून नव्हता, तोंडावर होता. बराच वेळ आम्ही बोललो नाही. मग आमच्यातली शिक्षिका म्हणाली, “कडा झिजतो म्हणून टोक वाढतं. पण टोक वाढलं म्हणून कडा विकून टाकायचा, असं समुद्र करत नाही.”

“आणि पाण्याचं काय?”

पाण्याचे उत्तर आदल्या दिवशी सेक्विममध्येच पाहिले होते. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि डोंगराआड आमचा माण कोरडा राहतो, तसेच तेथे आहे. ऑलिंपिक पर्वताच्या पश्चिमेला हो नदीच्या रानात वर्षाला साडेतीनशे सेंटिमीटरच्या घरात पाऊस. पूर्वेला सेक्विमला जेमतेम चाळीस. ते पडीक माळरान होते. 1895 साली लोकांनी डंजनेस नदीतून पहिला पाट काढला आणि शेती उभी राहिली. त्या पाटाचा उत्सव गाव अजून करते. माणमध्येही अलीकडे गावोगावी लोकांनी श्रमदानाने बांध घातले, चर खणले. आमच्या शिवारात ते काम अर्धे राहिले आहे, एवढेच.

सायंकाळी पाचला रानाचा चढ चढून वर आलो. साडेआठ तास झाले होते. गुडघा सुजला होता, पण चालत होता. लेक गाडीजवळ उभी होती. तिला तेथेच सांगितले, “दरवर्षी तीन महिने तुझ्याकडे. नऊ महिने गावाला. जमीन विकायची नाही, बांध पुरा करायचा.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. डोळे भरून आले होते. रागही होता थोडा, तो असणारच. आजारपणात कोण पाहील, हा तिचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे पुरते उत्तर आमच्याजवळ त्या दिवशी नव्हते. आजही नाही. सातारला मेव्हण्याच्या शेजारी खोली घ्यायची, दवाखाना जवळ पडेल, एवढे ठरवले आहे.

मग तिने विचारले, “सातबाऱ्यावर माझं नाव लावाल?”

आम्ही म्हटले, “पहिलं तेच काम.” जानेवारीत तलाठ्याकडे अर्ज दिला आहे.