आमचा छोटासा देश

शेजारचा मुलगा आई-वडिलांना स्वित्झर्लंड दाखवून आला. फोटो पाहायला आम्हां उभयतांना बोलावणे आले. तळी, बर्फाचे डोंगर, जुन्या गावांच्या दगडी वेशी पाहून डोळे निवले. घरी आल्यावर सौ. एवढेच म्हणाल्या, "तुमी तीस वर्सं फिरतीवर सारा मुलूख पाह्यला. मले लोणार बी नाई दाखवलं."

वाचकहो, खरेच होते ते. कृषी विस्तार अधिकारी म्हणून शेतकऱ्यांच्या सहली घेऊन मी पाच-सहा वेळा लोणारला गेलो. घरच्या माणसाला न्यावे हे कधी सुचलेच नाही.

रात्री पुस्तके काढून बसलो. स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर, आणि आपल्या वऱ्हाडच्या पाच जिल्ह्यांचे जवळजवळ ४६ हजार! शिवाय वऱ्हाड एकेकाळी खरोखरच वेगळे राज्य होते. १४९० च्या सुमारास इमादशाही बहामनींपासून फुटली आणि १५७४ साली अहमदनगरकरांनी ती बुडवली. राजधानी अचलपूर. ठरवले, घरच्या कपाशीची पहिली वेचणी आटोपली की हाच देश पाहायचा.

सुरुवात कारंजापासूनच केली. दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ अशा आमच्या चार वेशी. सौ.नी त्यांतून हजारदा ये-जा केलेली, पण मान वर करून कमान त्या दिवशी पाहिली. श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिर सर्वांना ठाऊक आहे. पण इथल्या जैन मंदिरांतल्या जुन्या पोथ्यांवरून डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ उजेडात आणले, हे गावातही थोड्यांनाच माहीत.

मग एस.टी.ने मेहकरवरून लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काळ्या पाषाणात उल्केने पाडलेले विवर. तळाच्या पाण्याचा सामू नऊ-दहाच्या वर, म्हणजे पिकाच्या काही कामाचे नाही. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले होते. खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले. हे सगळे मी सौ.ना प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर सांगावे तसे सांगत होतो. त्यांचे लक्ष मात्र काठावरच्या धारेकडे. बारमाही वाहणारे ते गोडे पाणी ओंजळीने प्याल्या आणि म्हणाल्या, "खाऱ्याच्या उशाशी गोडं. अन् हे तुमी मले इतक्या वर्सांत सांगतलं बी नाई." मी गप्प.

अचलपूरला जायचे तर पूर्वी आमच्याच स्टेशनावरून शकुंतलेने मूर्तिजापूरमार्गे जाता येई. छोट्या देशाला शोभेल अशी छोटी गाडी! आता ती बंद आहे, एस.टी.च बरी. तिथला हौज कटोरा पाहिला आणि परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोचलो. उंची सुमारे साडेतीन हजार फूट, हवा थंड, म्हणून इथे कॉफी पिकते. १८२३ साली एका साहेबाने हे ठिकाण 'शोधले' असे लिहितात. लोणारही त्याच साली दुसऱ्या साहेबाने 'शोधले' म्हणे! कोरकू लोक आणि लोणारकर तोवर जणू झोपलेच होते.

गाविलगडापाशी सौ.चा गुडघा दुखू लागला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. ते तट पाहायचेच म्हणून सौ.ना बाहेर बसवून मी एकटाच आत गेलो. (जुनी खोड!) तासाभराने परतलो तर त्या एका कोरकू बाईशी बोलण्यात रंगलेल्या. कुटकी केव्हा पेरतात, बी राखेत कसे ठेवतात, हलक्या बरड जमिनीत ती कशी तग धरते, सगळे विचारून झाले होते. पदराच्या गाठीत मूठभर बी होते. मेळघाटात मीही कामानिमित्त गेलेलो आहे. सोबत नेलेली माहितीपत्रके वाटून संध्याकाळच्या गाडीने परत येत असे.

ते बी आता आमच्या फडताळात डब्यात आहे. धुऱ्याकडच्या बरड पट्ट्यात या मृगात पेरायचे, असे सौ.नी ठरवले आहे. मला विचारलेले नाही. परवा फक्त म्हणाल्या, "वाशीमचं पद्मतीर्थ राह्यलं अजून."

सुटीचा अर्ज लिहून ठेवला आहे.