गटाला लिही, संस्थेला नको
झ्युरिक

केतकी,

पीएचडीचा व्हायवा पार पडला, आता मावशीच्या गावात पोस्टडॉक मिळेल का, असं विचारलंस. मिळेल, पण आधी ईटीएच विद्यापीठाचं नाव डोक्यातून काढ. तुझं काम मुठा नदीच्या पाण्यातल्या औषधांच्या अंशांवरचं. ते सांगायचं तर एआवागमधल्या एखाद्या गटाला. ही पाणी-संशोधनाची संस्था झ्युरिकला लागूनच, ड्युबेनडॉर्फमध्ये आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना असे अंश काढण्याचा जादा टप्पा कायद्यानंच घालावा लागतो. ड्युबेनडॉर्फच्या नॉयगुट केंद्रात हे अंश मोडणारा ओझोनचा संच त्याआधीच, २०१४ मध्ये सुरू झाला होता. तिथं तुझा विषय समजावून सांगावा लागणार नाही.

इथं नेट-गेटसारखी गाळणी नाही. गटप्रमुखाकडे प्रकल्पाचा निधी असतो आणि त्यातून माणूस घेतला जातो. म्हणून जाहिरातीची वाट न बघता थेट लिही. एकच पान. ‘आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास’ वगैरे खोडून टाक. त्यांचा शोधनिबंध नीट वाच आणि खरा प्रश्न विचार: आपल्याकडच्या सेंद्रिय घाणीनं भरलेल्या पाण्यात बराचसा ओझोन त्या घाणीवरच खर्ची पडतो, मग औषधांच्या वाट्याला किती उरतो? उत्तर त्यांच्याकडेही नसेल तर फारच छान. फक्त लग्नपत्रिकेसारखं नाव बदलून तेच पत्र पन्नास जणांना धाडू नकोस.

पगार कशातून, करार किती महिन्यांचा, प्रकल्प कधी संपतो, हे पहिल्याच बोलण्यात विचार. संकोच नको. स्विस सरकारच्या एक्सलन्स शिष्यवृत्तीलाही यजमान प्राध्यापकाचं पत्र आधी लागतं, आणि ती रक्कम झ्युरिकच्या भाड्यापुढे तोकडी पडते. २०२५ पासून स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन कार्यक्रमात आल्यानं मारी क्युरी फेलोशिप इथल्या यजमानाबरोबर मागता येते. अर्ज साधारण सप्टेंबरात. स्विस राष्ट्रीय विज्ञान निधीची ‘पोस्टडॉक मोबिलिटी’ मात्र इथून बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. नावाला भुलू नकोस.

युरोपाबाहेरच्यांचा परवाना संस्थेला कँटनच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या, सरकारकडे मागावा लागतो, त्यात आठवडे जातात. तेव्हा ‘एक तारखेला रुजू होते’ असं कबूल करू नकोस. पीएचडीचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेव. विद्यापीठाच्या त्या खिडकीचा अनुभव तुला आहेच.

नकार येणारच. १९०० मध्ये झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमधून, म्हणजे आजच्या ईटीएचमधून, बाहेर पडलेल्या आइन्स्टाइनला कुणी असिस्टंटचीही जागा दिली नाही. १९०२ मध्ये तो बर्नच्या पेटंट कचेरीत चिकटला, तेही मित्राच्या वडिलांनी शब्द टाकल्यावर. ओळख इथंही चालते, बरं का. तुझ्या गाइडनी युरोपात कुणाबरोबर काम केलं असेल, तर त्यांना दोन ओळी लिहायला सांग.

तुझ्या आईला मात्र स्पष्ट सांग की ही नोकरी दोन-तीन वर्षांची असते आणि कायम पदं इथं फार थोडी. ती आत्ताच शेजारपाजारी ‘केतकी स्वित्झर्लंडला सेटल होणार’ म्हणून सांगत सुटली आहे, असं कळलं.

पत्राचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. लाल पेन काढून ठेवलंय.

तुझी
मावशी